सही झाल्याशिवाय विमान हलत नाही

विमान कंपनीत नोकरी करते म्हटलं की लोकांना आधी हवाई सुंदरी आठवते. मग ते माझ्याकडे नीट बघतात आणि विषय तिकिटांवर नेतात. स्वस्तात मिळतात का, आईवडिलांना फुकट नेता येतं का, वगैरे. मी इंजिनियरिंग विभागात प्लॅनिंगला आहे. मुंबई विमानतळाच्या कुंपणाआत एका हँगरच्या वरच्या मजल्यावर बसते. कोणतं विमान कधी तपासणीला आत घ्यायचं, त्यात काय काय करायचं, माणसं आणि सुटे भाग कुठून जमवायचे आणि ते बाहेर कधी काढायचं, हे ठरवणाऱ्यांपैकी मी एक. कंपनीचं नाव लिहीत नाही. नोकरी अजून करायची आहे.

पाना हातात घेणारे लोक आम्हाला 'कागदवाले' म्हणतात. म्हणण्यात कौतुक नसतं. पण इतकी वर्षं इथे काढल्यावर माझं मत असं झालंय की आमचा विभाग दुरुस्ती करतो हे अर्धंच खरं. दुरुस्ती झाली आहे असं कुणीतरी लायसन्सवाल्या माणसाने स्वतःच्या नावाने लिहून देणं, हा आमचा खरा माल. ती सही नसेल तर नवंकोरं विमानही जागचं हलू शकत नाही.

प्रत्येक विमानाची तीन पंचांगं असतात. एक हवेत काढलेल्या तासांचं, दुसरं उड्डाणांचं, तिसरं साध्या तारखांचं. उड्डाण म्हणजे एकदा चढणं आणि एकदा उतरणं, याला आम्ही सायकल म्हणतो. मुंबई-गोवा करणारं विमान दिवसभरात तास थोडे आणि सायकली भरपूर खातं, दुबईला जाणारं उलट. चाकांचा सांगाडा, केबिनमधला हवेचा दाब झेलणारं धड, इंजिनातल्या फिरत्या चकत्या हे सगळं सायकलींनी थकतं. रबर, सील, लाइफ जॅकेट, ऑक्सिजनचे सिलिंडर यांना तारीख लागते, विमान उडो न उडो. करोनात विमानं उभी होती तेव्हा नातेवाईक म्हणायचे, "आता तुला आराम." कसला आराम! उभ्या विमानाची चाकं ठरावीक दिवसांनी फिरवावी लागतात, इंजिनाची तोंडं झाकावी लागतात, नळ्यांत किडे-पाखरं घर करत नाहीत ना ते बघावं लागतं आणि प्रत्येक गोष्टीवर सही लागते.

दिवसा आमचा विभाग दिसत नाही, कारण दिवसा विमानं पैसे कमावत असतात. देशांतर्गत उडणारं एअरबस ए320 रात्री अकरा-बाराला परत येतं आणि पहाटे पाचला पुन्हा निघतं. मधल्या वेळात लाइन मेंटेनन्सची माणसं त्याच्यावर चढतात. वैमानिकाने विमानाच्या नोंदवहीत, टेक लॉगमध्ये, लिहिलेले स्नॅग, म्हणजे दोष, वाचायचे, तेल बघायचं, टायरच्या खाचा किती उरल्यात ते बघायचं. टायरमध्ये साधी हवा नसते, नायट्रोजन असतो, आणि मोठ्या चाकांत दाब साधारण 200 पीएसआय, म्हणजे गाडीच्या टायरच्या सहापट. ब्रेकला एक छोटी पिन असते. ब्रेक लावलेला असताना ती किती बाहेर दिसते त्यावरून ब्रेक किती झिजला ते कळतं. ती पृष्ठभागाशी सपाट झाली की ब्रेक बदलायचा. पावसाळ्यात हे सगळं रेनकोट घालून, हेडलॅम्प लावून, विमानं उभी करायच्या उघड्या एप्रनवर. जुलैच्या मुंबईत रात्री तीन वाजता चाक बदलणाऱ्या माणसाला कुणी प्रेरणादायी भाषण देऊ नये, चहा द्यावा.

प्रवाशांना धक्का बसेल अशी एक गोष्ट सांगते. विमान बऱ्याचदा काहीतरी नादुरुस्त असताना उडतं, आणि ते नियमात बसतं. मिनिमम इक्विपमेंट लिस्ट, एमईएल, नावाचं जाडजूड पुस्तक असतं. काय बंद असताना कोणत्या अटींवर किती दिवस उडता येईल, ते त्यात लिहिलेलं असतं. 'बी' वर्गातला दोष तीन दिवसांत, 'सी' दहा दिवसांत, 'डी' 120 दिवसांत दुरुस्त व्हायला हवा. 'ए'ची मुदत त्या त्या नोंदीतच दिलेली असते. मे महिन्यात दारं बंद होईपर्यंत केबिन भट्टीसारखी तापली असेल, तर शेपटातलं छोटं इंजिन, एपीयू, या यादीवर टाकलेलं असण्याची शक्यता आहे. हवेत त्याच्यावाचून अडत नाही, जमिनीवर मात्र घाम निघतो. प्रवासी हवाई सुंदरीवर ओरडतात. तिचा त्यात काही दोष नसतो, आणि माझ्या पडद्यावर त्या एपीयूसमोर उरलेल्या दिवसांचा आकडा लाल झालेला असतो.

माझा जीव मात्र बेस मेंटेनन्समध्ये. म्हणजे विमान हँगरमध्ये घेऊन उघडणं. ए320ला साधारण 750 तासांनी होणारा 'ए' चेक एका रात्रीत उरकतो. 'सी' चेकला आठवडे लागतात आणि सहा व बारा वर्षांच्या तपासण्यांना विमान अक्षरशः सोलतात. आसनं जातात, गालिचे जातात, स्वयंपाकघर आणि संडास बाहेर येतात, भिंतीचे पॅनल निघतात. मागे उरते हिरवट प्रायमर मारलेली एक नळी आणि तिच्यात किलोमीटरच्या हिशेबात वायरी. कामाची कार्डं आधीच छापलेली असतात. प्रत्येक कार्डावर काय करायचं, मॅन्युअलचा कुठला भाग वाचून करायचं आणि कोणी सही करायची ते असतं. ही ठरलेली कामं. ती मी तासांनिशी मांडू शकते.

मांडता येत नाहीत ती उघडल्यावर सापडणारी कामं. आणि ती कुठे सापडणार हेही आम्हाला आता पाठ झालंय. पुढच्या दाराजवळचं स्वयंपाकघर आणि संडास यांच्या खाली. विमान डोंगर-समुद्रावरून गेलं, विजा झेलल्या, तरी त्याचं अॅल्युमिनियम खाणारी गोष्ट म्हणजे सांडलेला चहा, कोक, संत्र्याचा रस आणि गळका संडास. हे पाणी जमिनीच्या पॅनलच्या फटीतून खाली झिरपतं आणि फ्लोअर बीमवर वर्षानुवर्षं बसून राहतं. पॅनल उचलल्यावर पांढरी पूड दिसते, रांगोळी विस्कटावी तशी. एकदा मी खाली वाकून बघत होते. इन्स्पेक्टर साहेबांनी प्लॅस्टिकच्या पट्टीने पूड बाजूला केली, खालचा धातू पापुद्र्यांसारखा सुटत होता. ते काही बोलले नाहीत. टॉर्च माझ्या हातात दिला आणि कार्डाची कोरी पानं मागवली.

मग चालतं ते असं. गंज घासून काढायचा, उरलेली जाडी अल्ट्रासॉनिकने मोजायची, स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअलमध्ये त्या जागी किती धातू कमी झालेला चालतो ते बघायचं. मर्यादेत असेल तर रंग मारून पुढे. मर्यादेबाहेर असेल तर फोटो, मोजमापं आणि आकृती टुलूजला एअरबसकडे पाठवायची आणि उत्तराची वाट बघायची. उत्तर येईपर्यंत तो बीम तसाच, त्यावरचं पॅनल बसत नाही, पॅनल नाही म्हणून संडास बसत नाही, संडास नाही म्हणून आसनं नाहीत. तिकडे बाहेर पुढचं विमान हँगरची जागा रिकामी व्हायची वाट बघतंय आणि वर कमर्शियलवाले विचारतायत की शुक्रवारची तिकिटं विकलीत, विमान कुठाय. अशाच एका चेकमध्ये मी तारखांचा चार्ट घेऊन खाली गेले तेव्हा आमचे एक जुने एएमई, म्हणजे लायसन्सवाले इंजिनियर, शांतपणे म्हणाले, "मॅडम, चार्ट चांगला आहे. विमानाला वाचून दाखवलात का?"

मला राग आला होता. पण त्यांचं बरोबर होतं, आणि प्लॅनिंगमधल्या नव्या पोरापोरींना मी हेच सांगते की इंजिनियरला 'कधी होईल' विचारा, 'लवकर करा' म्हणू नका. हे दोन प्रश्न एकच वाटतात, पण दुसऱ्याने माणसाचा हात थरथरतो.

आता टॅगबद्दल. हँगरमधली एकही वस्तू बिनओळखीची नसते. विमानातून काढलेल्या भागाला नादुरुस्तीचा टॅग, दुरुस्त होऊन आलेल्याला सर्व्हिसेबलचा. टॅग नसलेली वस्तू, मग ती पाकिटातून आत्ता काढल्यासारखी चकचकीत का असेना, क्वारंटाइनच्या जाळीत जाते. आमचे स्टोअर्सचे काका याबाबत इतके कडक की नव्या मेकॅनिकांना वाटतं माल त्यांच्या वडिलांचा आहे. पण टॅगवरही डोळे मिटून विसंबायचं नसतं, आणि त्यासाठी आमच्याकडे ट्रेनिंगमध्ये एक जुनी गोष्ट सांगतात. 5 मे 1983. ईस्टर्न एअरलाइन्सचं तीन इंजिनांचं लॉकहीड एल-1011 मायामीहून बहामातल्या नासाऊला निघालं, आत 172 माणसं. वाटेत एका इंजिनाच्या तेलाचा दाब पडला, ते बंद केलं, विमान माघारी वळवलं. मग दुसऱ्या इंजिनाचा दाब गेला, मग तिसऱ्याचा. दोन्ही बंद पडली. समुद्रावर काही मिनिटं विमान एकही इंजिन चालू नसताना खाली येत होतं. पहिल्यांदा बंद केलेलं इंजिन वैमानिकांनी पुन्हा चालू केलं आणि त्या एकावर ते मायामीला परत उतरले. सगळे वाचले.

कारण काय? आदल्या रात्री तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर बदलले होते. चिप डिटेक्टर म्हणजे तेलाच्या मार्गातलं चुंबक. आत काही झिजत असेल तर लोखंडाचा कीस त्याला चिकटतो. त्यावर रबराच्या ओ-रिंगा लागतात. नेहमी रिंगा बसवलेलेच डिटेक्टर हाती यायचे, त्या रात्री स्टोअर्समधून आले ते बिनरिंगांचे. टॅग मात्र सर्व्हिसेबलचा. बसवणाऱ्यांनी गृहीत धरलं की रिंगा असतीलच. एकाच विमानाच्या तिन्ही इंजिनांवर, एकाच रात्री, एकच गृहीतक. आज समुद्र ओलांडणाऱ्या दोन इंजिनी विमानात दोन्ही इंजिनांवर एकच काम एकाच माणसाने एकाच वेळी करू नये असा दंडक आहे. प्लॅनिंगला तो फार अडचणीचा. एका रात्रीसाठी दोन माणसं, दोन सह्या. मी कुरकुरते आणि दोन माणसं लावते.

सह्यांचीही उतरंड असते. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं, त्याचं लायसन्स मिळवायला परीक्षा आणि प्रत्यक्ष हँगरमधली वर्षं दोन्ही लागतात. इंजिन-धड बघणारा बी1, वायरी-रेडिओ-ऑटोपायलट बघणारा बी2, मोठ्या चेकनंतर सगळं जुळलंय हे पाहून विमान सोडणारा सी. लायसन्स मिळालं म्हणून कुठल्याही विमानाला हात लावता येत नाही, त्या त्या प्रकारच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण आणि कंपनीचा अधिकार लागतो. प्रत्येकाचा आपापला शिक्का. तो हरवला तर घरची किल्ली हरवल्याइतकीही सूट नाही, ताबडतोब कळवायचं. विमान वळवणाऱ्या-चढवणाऱ्या यंत्रणेला कुणी हात लावला तर दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे तपासून दुसरी सही करायची. ही दुसरी सही नको तिथे वाचवली तर काय होतं ते ब्रिटिश एअरवेजच्या 5390 क्रमांकाच्या उड्डाणाने 10 जून 1990 ला दाखवलं. कॉकपिटची काच बसवताना 90 पैकी 84 बोल्ट 0.026 इंच बारीक लागले, साधारण पाऊण मिलिमीटरहूनही कमी फरक. रात्रपाळीच्या मॅनेजरने एकट्याने, कॅटलॉग न बघता, जुन्या बोल्टशी डोळ्यांनी ताडून ते उचलले होते. 17,000 फुटांवर काच निखळली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. केबिन क्रूने त्याला धरून ठेवलं, विमान साउथॅम्प्टनला उतरलं आणि तो जगला. त्या काळी काच बदलणं दुसऱ्या सहीच्या यादीत नव्हतं.

हत्यारांचा हिशेबही असाच. टूल क्रिबच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते, म्हणजे रिकामी जागा लांबून दिसते. पाळी संपताना मोजणी. एका रात्री तपासणीचा छोटा आरसा, दांडी असलेला, दंतवैद्याकडे असतो तसा, फळीवर परत आला नाही. इंजिनाची बंद केलेली झाकणं, काउल, पुन्हा उघडली, चाकांच्या खोबणीत माणसं शिरली, आत डोकावायचा नळीसारखा कॅमेरा, बोअरस्कोप, घालून पाहिलं. पहाटेचं विमान गेलं नाही, प्रवाशांना 'तांत्रिक कारण' सांगितलं गेलं आणि ते खरंच होतं. आरसा सापडला चिंध्यांच्या पोत्यात, तेल पुसलेल्या फडक्यात गुंडाळलेला. त्या दिवशी टीव्हीवर कुणी आमच्या विभागाला शिव्या घातल्या असतील तर घालू देत. आरसा सापडल्याशिवाय विमान सोडणाऱ्या कंपनीत मी माझ्या मुलीला बसवणार नाही.

एक शब्द मात्र ऐकून नवी माणसं दचकतात: रॉबरी. एक विमान पार्टसाठी उभं आहे, म्हणजे एओजी, आणि हँगरमधल्या दुसऱ्या विमानाला तोच पार्ट आहे जो पुढचे दहा दिवस लागणार नाही. मग तिकडचा काढून इकडे लावायचा. कागदावर हे सरळ दिसतं. प्रत्यक्षात काम दुप्पट होतं: काढा, बसवा, तपासा, मग नवीन आला की पुन्हा बसवा, तपासा, आणि प्रत्येक पायरीला सही. काढताना कनेक्टरची पिन वाकली तर दोन विमानं उभी. तरीही करावी लागते, कारण पार्ट सिंगापूरहून यायचा आहे, कस्टम्समध्ये आहे आणि उद्या रविवार आहे.

आपल्याकडची मोठी कामं वर्षानुवर्षं सिंगापूर, कोलंबो, आखाताकडे का जात होती, याचं एक साधं कारण कर होतं. इथल्या दुरुस्तीवर 18 टक्के जीएसटी. एप्रिल 2020 पासून तो 5 टक्के झाला, आणि जुलै 2024 पासून आयात होणाऱ्या सुट्या भागांवरही सरसकट 5 टक्के. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने एअर इंडियाच्या विमानखरेदीच्या व्यवहाराचा भाग म्हणून बांधलेलं केंद्र 2015 पासून आहे. ते एआयईएसएल, म्हणजे एअर इंडियाचीच पूर्वीची इंजिनियरिंग कंपनी, चालवते, आणि गंमत म्हणजे जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा ही इंजिनियरिंग कंपनी सरकारकडेच राहिली. हँगर आणि माणसं आपल्याकडे आहेत. इंजिन पूर्ण उघडण्याच्या सोयी मात्र अजून मागणीपेक्षा फार तोकड्या आहेत, आणि जगभरच त्यासाठी रांग आहे. 2023 मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या गिअर्ड टर्बोफॅन इंजिनांमध्ये धातूच्या भुकटीतला दोष जाहीर झाल्यावर ती रांग इतकी वाढली की पंखाखाली इंजिन नसलेली, धडधाकट विमानं आपल्या विमानतळांवर महिनोन्‌महिने उभी राहिली.

इंजिनातल्या काही चकत्यांना आयुष्याची कायद्याने मर्यादा असते, काहींना 20,000 सायकलींची. त्यानंतर ती चकती कितीही छान दिसो, भंगारात. त्यामुळे तिचा जन्मापासूनचा हिशेब हवा: कुठे बनली, कुठल्या इंजिनात किती सायकली फिरली, कोणी काढली, कोणी बसवली. हा कागद हरवला तर चकती लोखंडाच्या भावाची. आणि कागदाला इतकी किंमत असली की खोटा कागदही निघतो. 2023 मध्ये लंडनच्या एओजी टेक्निक्स या पुरवठादाराची प्रमाणपत्रं बनावट निघाली. पोर्तुगालच्या टॅप एअरच्या देखभाल विभागाला एका भागाच्या कागदांचा संशय आला, त्यांनी इंजिन बनवणाऱ्या साफ्रांला विचारलं, उत्तर आलं की ही प्रमाणपत्रं आमची नाहीत. मग जगभर सीएफएम56 इंजिनं उघडून पार्ट शोधायची वेळ आली. आमच्याकडेही त्या आठवड्यात रेकॉर्ड्सची कपाटं रात्री उघडी होती. आमचं काही निघालं नाही, पण ते 'काही नाही' लिहून द्यायलाही सह्या लागल्याच.

सध्या माझ्या डोक्याला वेगळा ताप आहे. आमची बरीच विमानं भाड्याची, मालक आयर्लंडमध्ये. भाडेकरार संपला की विमान परत करायचं, आणि परत करताना मालकाचा माणूस येऊन सगळी कागदपत्रं तपासतो. आत्ता एक गृहस्थ आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये बसलेत. फार सभ्य, पोहे आवडीने खातात, आणि रोज सकाळी प्रश्नांची यादी देतात. मुख्य लँडिंग गिअरमधल्या एका पिनचा जन्मापासूनचा हिशेब त्यांना हवाय. आमच्याकडचा भाग पूर्ण आहे. त्याआधी ती पिन दुसऱ्या एका कंपनीच्या विमानात होती आणि ती कंपनी बंद पडून बरीच वर्षं झाली. तिची कागदपत्रं लिक्विडेटरच्या ताब्यात भिवंडीच्या कुठल्यातरी गोदामात आहेत असं कळलंय. सोमवारी स्टोअर्सच्या काकांना बरोबर घेऊन तिकडे जाणार आहे. काकांनी आधीच सांगितलंय की गोदामातल्या धुळीत ते जातील, पण टॅग नसलेल्या एकाही खोक्याला हात लावणार नाहीत.